गोदूआत्याचं पहिलं नको

गोदूआत्याला काहीही विचारायचं तर तीनदा विचारायचं, हा बंगळूरच्या जे. पी. नगरातल्या त्या घरचा जुना रिवाज होता. पहिल्यांदा ती ‘नको’ म्हणायची. ते नुसतं रीतीचं नको. दुसऱ्यांदा ‘कशाला उगाच’ म्हणायची, तेव्हा मनात विचार सुरू झालेला असायचा. तिसऱ्यांदा विचारलं की ‘बरं, एवढं म्हणता तर स्वल्प वाढा’ असं म्हणत ताट पुढे सरकवायची. कॉफी असो, पुरणाची होळगी असो, नवं लुगडं असो की दाताचा डॉक्टर असो, क्रम ठरलेला. घरात कुणाला त्यात काही वेगळं वाटत नसे. दार जरा घट्ट बसतं म्हणून आपण त्याला सवयीने खांदा लावतो, तसं ते होतं.

तुंगाबाई लग्न होऊन या घरात आल्या तेव्हा त्यांना हे कुणी सांगितलं नव्हतं. त्या हुबळीकडच्या मोठ्या खटल्यातल्या. तिथे पंगतीत जो नको म्हणेल त्याच्या पानावरून वाढपी सरळ पुढे जायचा. पहिल्या दिवाळीत त्या तुपाची वाटी घेऊन नणंदेपुढे वाकल्या, नणंद नको म्हणाली, त्या पुढे गेल्या. दुसऱ्या दिवशीही तेच. सगळी दिवाळी गोदूबाईंनी कोरडी होळगी खाल्ली आणि अवाक्षर काढलं नाही. पुढे सासूबाईंकडून खरा प्रकार कळला तेव्हा तुंगाबाई स्वयंपाकघरात एकट्याच रडल्या होत्या. त्यानंतर त्यांनी वन्संना काही विचारणंच सोडून दिलं. सरळ वाढायचं आणि पुढे जायचं.

याहून मोठी चूक तुंगाबाईंच्या नवऱ्याची, श्रीधररावांची. कारखान्यातून उडुपीला जायची सवलत मिळाली होती. चपला पायात सरकवत, घाईघाईने, दारातूनच त्यांनी बहिणीला विचारलं, "अक्का, येतेस?" अक्का म्हणाली, "नको रे, घर कोण बघेल." श्रीधरराव तिकिटं काढायला गेले. देवदर्शन झालं, तिथून जवळच मलपेचा किनारा, तोही झाला. त्यांची मुलगी विद्याश्री तेव्हा शाळेत होती. ती परत आली ती समुद्राच्या गोष्टी घेऊन. आत्याने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "पलीकडचं काहीच दिसत नाही?" विद्याश्री म्हणाली, नाही. आत्या बराच वेळ भाजी निवडत बसली. मग म्हणाली, "असं कसं असेल ग."

विद्याश्रीच्या ते लक्षात राहिलं होतं. आत्याने काही हवं असल्याचं बोलून दाखवलं नाही, पण ती जेवढी हवंच्या जवळ येऊ शकत होती तेवढी त्या दिवशी आली होती.

आता विद्याश्री सव्वीस वर्षांची होती आणि एका खासगी विमान कंपनीत बंगळूरच्या विमानतळावर चेक-इनच्या काउंटरवर बसत होती. ते दिवस नव्या विमान कंपन्यांचे होते. निळा युनिफॉर्म, केसांचा अंबाडा, भल्या पहाटेची पाळी. पहाटेच्या पाळीला कंपनीची जीप यायची आणि त्याआधी आत्या उठलेली असायची. फिल्टरची कॉफी तयार, एक दशमी गुंडाळून हातात, आणि मग फाटकापर्यंत सोबत. जीप कोपऱ्यावर वळेपर्यंत ती तिथे उभी असे. विद्याश्रीने अनेकदा सांगितलं की तू झोप, मी घेते करून. त्यावर आत्या म्हणायची, झोप येत नाही मला तशीही. हे खोटं होतं. रविवारी ती उजाडून ऊन वर येईपर्यंत गाढ झोपायची. चार वर्षं हे चाललं. त्याची परतफेड काय करावी हे विद्याश्रीला सुचत नव्हतं, कारण आत्याला काय हवंय हे विचारायची सोय नव्हती.

मग फेब्रुवारीत तिला सुचलं.

कंपनी कर्मचाऱ्यांना आणि त्यांच्या आईवडिलांना स्टँडबाय पास देत असे. स्टँडबाय म्हणजे सीट रिकामी राहिली तर बसा, नाहीतर घरी जा. त्या वर्षी कंपनीने त्यात भर म्हणून एक पाहुण्याचा पासही दिला होता. घरातलं कुणीही एक माणूस, कर्मचाऱ्याच्या सोबतच, आणि यादीत कंपनीच्या माणसांमध्ये सगळ्यांच्या तळाला. हा पास मार्चअखेर संपणार होता. पुढच्या वर्षी मिळेल की नाही सांगता येत नव्हतं. पुढच्या वर्षी कंपनीच असेल की नाही याचीही काउंटरवर पैज लागायची. कंपनीचं एक विमान बंगळूरहून मद्रासला टेकून पुढे पोर्ट ब्लेअरला जायचं. एरवी ते भरलेलं असे, पण परीक्षा जवळ आल्याने त्या आठवड्यात कुटुंबंच्या कुटुंबं घरात बसली होती. गुरुवारी दुपारी विद्याश्रीने बुकिंग पाहिलं. शुक्रवारच्या विमानात जागा दिसत होती. परतीला रविवारी दिसत होती. तिची सुट्टी मधे पडत होती.

संध्याकाळी घरी येऊन तिने पर्स खुंटीला लावायच्या आधी सांगितलं, उद्या सकाळी अंदमानला जायचंय, चौघांनी.

श्रीधरराव बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात भांडारपाल म्हणून निवृत्त झालेले, शिस्तीचे गृहस्थ. उद्या अंदमानला जायचं हे वाक्य त्यांना व्याकरणाने बरोबर पण अर्थाने चूक वाटलं. त्यांनी विचारलं, तिकीट कुठंय? विद्याश्रीने सांगितलं, तिकीट आहे पण सीट नाही. म्हणजे काय, ते म्हणाले, आणि मग अर्धा तास स्टँडबाय समजावून घेण्यात गेला. शेवटी त्यांनी सार काढलं ते असं की, लग्नाला जायचं, पण आमंत्रण मांडवात गेल्यावर मिळणार. विद्याश्री म्हणाली, अगदी तसंच.

आत्याला विचारायचं काम तिने स्वतःकडे ठेवलं. तीन वेळा विचारलं. पहिल्यांदा नको, दुसऱ्यांदा कशाला उगाच, म्हातारीला कुठे विमानात. तिसऱ्यांदा विचारल्यावर आत्याने पदराला हात पुसले, खिडकीबाहेरच्या शेवग्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "बरं, एवढं म्हणतेस तर."

तेवढ्यावर विद्याश्रीला वाटलं की काम झालं.

तुंगाबाईंनी रात्रीतून सामान भरलं. मुलीने बजावलं होतं की एकेक लहान पिशवी, त्यापलीकडे काही नको. त्या हो हो म्हणाल्या होत्या. सकाळी दारात तीन मोठ्या बॅगा उभ्या होत्या. त्यातल्या दोन म्हणजे संपूर्ण स्वयंपाकघर. वन्सं बाहेरचं खात नाहीत, हे एकच कारण त्यांना पुरेसं होतं. कुकर, दोन पातेली, तांदूळ, तुरीची डाळ, मेतकूट, लिंबाचं लोणचं, पोह्यांची अवलक्की, चकल्या, कॉफीचा फिल्टर आणि पूड. स्टोव्ह तेवढा विद्याश्रीने बाहेर काढला. विमानात स्टोव्ह नेला तर पोलीस आपल्याला नेतील म्हणाली. तुंगाबाई म्हणाल्या, मग शिजवायचं कशावर? विद्याश्री म्हणाली, तेच मी रात्रीपासून विचारतेय.

विमानतळावर ड्यूटी ऑफिसर होता नागराज. विद्याश्री त्याला ओळखत होती, सगळेच ओळखत होते. काटेकोर माणूस. स्वतःच्या सख्ख्या भावालाही त्याने एकदा सीट नाही म्हणून घरी पाठवलं होतं आणि दुपारी जेवायला त्याच्याचकडे गेला होता. कंपनीचा नियम असा की स्वतःचं कुटुंब स्टँडबायला असेल तर कर्मचाऱ्याने काउंटरच्या आत पाऊल ठेवायचं नाही, यादीबद्दल एक शब्द बोलायचा नाही. त्यामुळे रोज काचेच्या आतल्या बाजूला बसणारी विद्याश्री त्या दिवशी बाहेरच्या बाजूला, खांबाजवळ, इतर आशाळभूतांमध्ये उभी होती. आतून हीच माणसं तिला किती वेळा दिसली होती. एवढी टक लावून का बघतात, असं तिला तेव्हा वाटायचं.

तिने सगळ्यांना समजावून ठेवलं होतं. विमानात सीट रिकाम्या असतात, पण पोर्ट ब्लेअरची धावपट्टी आखूड आहे, विमान जड करून तिथे उतरवता येत नाही. त्यामुळे मोजायचं ते खुर्च्या नव्हे, वजन. सीट दिसते म्हणून मागायची नाही. नाव पुकारलं की जायचं. श्रीधरराव म्हणाले, म्हणजे रेशनसारखं. तुंगाबाईंनी आपल्या बॅगांकडे चोरून पाहिलं.

चेक-इन बंद व्हायची वेळ जवळ आली तसा आतून फोन आला आणि नागराजने नावं पुकारायला सुरुवात केली. विद्याश्री. श्रीधरराव. तुंगाबाई. गोदूबाई. चौघांचीही.  बॅगा वजनाला लावायच्या होत्या, त्या उचलायला विद्याश्री आणि श्रीधरराव दोघंही धावले. काउंटरपुढे राहिल्या तुंगाबाई आणि गोदूआत्या.

इथे नागराजने त्याचं रोजचं काम केलं. स्टँडबायवाल्या प्रत्येकाला एक प्रश्न विचारायचा असतो. परतीची सीट मिळेलच असं नाही, अडकून पडावं लागेल, तरी जाणार का? तुंगाबाईंना त्याने विचारलं, त्या हो म्हणाल्या. मग त्याने गोदूआत्याकडे पाहिलं. कपाळ मोकळं, डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी. कन्नडमध्ये, आवाज जरा मऊ करून त्याने विचारलं, "अम्मा, परतीची खात्री नाही. होगतीरा?" जाणार ना?

आणि गोदूआत्याने आयुष्यभर जे केलं तेच केलं.

"अय्यो, बेडप्पा," ती म्हणाली. नको रे बाबा. आणि हसून मागे उभ्या असलेल्या एका तरुणाकडे बोट दाखवलं. तो दुसऱ्या कंपनीतला कुणी इंजिनिअर होता, यादीत तिच्यानंतरचा. "बिचारा केव्हाचा उभा आहे. त्याला जाऊ दे. मला म्हातारीला कशाला."

तुंगाबाई पर्समधून चष्मा काढत होत्या. त्यांना ते कळलं तेव्हा नागराजची तिच्या नावावर रेघ मारून झाली होती आणि तो तरुण पास घेऊन, दोन्ही हात जोडून, जवळजवळ पळत सुरक्षा तपासणीकडे निघाला होता. त्याचा दोष नव्हता. स्टँडबायवर कुणी मागे वळून बघत नाही.

गोदूआत्या मात्र जागची हलली नाही. काउंटरच्या काठावर हात ठेवून, चेहऱ्यावर तेच हसू घेऊन ती उभी होती. तिला दुसऱ्यांदा विचारलं जाण्याची वाट ती बघत होती.

विद्याश्री बॅगांच्या पट्ट्यापासून परत आली तेव्हा तीन बोर्डिंग पास होते. तिने नागराजकडे पाहिलं. त्याने खांदे उडवले नाहीत, उर्मट बोललाही नाही. अम्मा नको म्हणाल्या, एवढंच सांगितलं. मी नीट विचारलं होतं.

श्रीधरराव आले, त्यांनीही ऐकलं, आणि त्यांचा आवाज चढला. अक्का, तुला कुणी सांगितलं होतं नको म्हणायला, काल रात्री ठरलं होतं ना, बॅग भरली ना. आजूबाजूचे लोक बघू लागले. गोदूआत्याचं हसू हळूहळू उतरलं. ती पदराचं टोक चाचपत राहिली. मग अगदी हळू, फक्त भाचीला ऐकू जाईल असं म्हणाली, "एकदाच विचारलं ग त्याने. मला वाटलं, पुन्हा विचारेल."

 विद्याश्रीला त्या क्षणी उडुपीची सकाळ आठवली नाही की तुपाची वाटी आठवली नाही. तिला फक्त एवढं दिसलं की आत्याला जायचं होतं. सगळ्यात जास्त तिलाच जायचं होतं, आणि तिच्याकडे ते सांगायला शब्द नव्हता.

तिने नागराजला विचारलं, मी मागे राहते, माझ्या जागी आत्याला घ्या. नागराज म्हणाला, पाहुण्याचा पास तुझ्यासोबतच चालतो, तू नाही तर तोही नाही, हे तुला मी सांगायला हवं का? हे तिला माहीत होतं. गेल्याच आठवड्यात तिने स्वतः एका माणसाला हे सांगितलं होतं. मग श्रीधरराव पुढे झाले. मला काढा, मी दुपारपर्यंत घरी जाऊन झोपतो, अक्काला पाठवा. त्यावर गोदूआत्या म्हणाली, छे, तू नाही गेलास तर मी कशी जाऊ. तुंगाबाई म्हणाल्या, तुम्ही दोघं बहीणभाऊ जा, मी राहते, मला तशीही विमानाची भीती वाटते. श्रीधरराव म्हणाले, तुला कधीपासून भीती वाटायला लागली, काल तर खिडकी मागत होतीस. आणि बघता बघता त्या काउंटरपुढे एक पंगत बसली. जो तो आपल्या पानातलं दुसऱ्याच्या पानात सरकवतोय आणि जेवत कुणीच नाही. नागराज हातातलं पेन टेबलावर आपटत हे बघत होता. त्याला मराठी कळत नव्हतं, पण पुरतं कळत होतं. त्याच्याही घरी आई होती.

अखेर तो कन्नडमध्ये म्हणाला, "स्वल्प थांबा. सीट आहे माझ्याकडे. वजन नाही. माणसं काढून काय करता?"

 आणि तुंगाबाईंनी, ज्या एरवी नवऱ्यासमोर परक्या माणसाशी बोलत नसत, पट्ट्यावर उभ्या असलेल्या आपल्या तीन बॅगांकडे बोट दाखवून विचारलं, "त्यांचं किती भरलं?"

नागराजने वाकून आकडा वाचला. मग गोदूआत्याकडे एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं. "अम्मांपेक्षा जास्त," तो म्हणाला.

"मग त्या काढा," तुंगाबाई म्हणाल्या. "कुकर काही समुद्र बघणार नाहीये."

श्रीधरराव म्हणाले, अगं, अक्का खाईल काय? तुंगाबाई म्हणाल्या, ते वन्सं बघतील. रात्रभर खपून भरलेल्या त्या बॅगा होत्या. चकल्या तर ओल्या नारळाचं दूध घालून केलेल्या, वन्संना आवडतात म्हणून. पण त्यांच्या आवाजात किंतु नव्हता. त्यांनी वाकून बॅगेच्या कडीला हात घातलाही.

नागराजने आत फोन लावला. पलीकडून कुणीतरी वैतागून काहीतरी बोललं. नागराज नुसता हं, हं, सरी, सरी, ठीक आहे, म्हणाला आणि फोन ठेवला. मग त्याने नवा पास हातात घेतला, पण लिहिलं नाही. गोदूआत्यासमोर आला आणि कन्नडमध्ये सरळ बोलला. अम्मा, तुम्ही मघाशी नको म्हणालात, मी नको लिहिलं. आता मी विचारणार नाही. शिडीपाशी जाऊन तुम्ही पुन्हा नको म्हणालात तर माझं विमान उशीर होईल. तुम्हाला जायचं असेल तर तुम्ही सांगा. बाकी कुणी नको.

गोदूआत्याने भावाकडे पाहिलं. लहानपणापासूनची सवय. आधी वडिलांकडे, मग काही थोडे दिवस नवऱ्याकडे, मग पुन्हा या घरात येऊन भावाकडे. श्रीधरराव तोंड उघडणार होते. विद्याश्रीला भीती वाटली की आता ते "जाते म्हण की" असं काहीतरी म्हणतील आणि सगळं घालवतील. पण त्यांनी मान दुसरीकडे वळवली. "माझ्याकडे बघू नकोस, अक्का," ते म्हणाले. "मी तुला एकदाच विचारून उडुपीला गेलो होतो. त्याला सांग."

विमानाची शेवटची सूचना लाउडस्पीकरवर झाली. 

"होगबेकु," गोदूआत्या म्हणाली. जायचंय. आवाज एवढा लहान की नागराजला वाकावं लागलं. मग तिने पदर सावरला, गळा साफ केला आणि जरा मोठ्याने, जणू काही तक्रार नोंदवावी तसं सांगितलं, "नानू होगबेकप्पा. समुद्र नोडबेकु."

मला जायचंय. मला समुद्र बघायचाय. नागराजने पास लिहिला. लिहिताना विद्याश्रीला म्हणाला की स्वयंपाकघर ड्यूटी ऑफिसात सुरक्षित राहील, चकल्यांची हमी देत नाही.

मद्रासपर्यंत गोदूआत्या डोळे मिटून स्तोत्र म्हणत होती. मद्रास सोडल्यावर विद्याश्रीने तिला काही न विचारता खिडकीशी बसवलं. खाली किनाऱ्याची रेघ आली आणि मागे गेली. मग नुसतं पाणी. आत्याने काचेला कपाळ लावलं. बराच वेळ गेला, हवाई सुंदरी ट्रे ठेवून गेली, घेऊन गेली. पलीकडचं काही दिसत नाही, हे ती स्वतःच्या डोळ्यांनी पडताळून बघत होती. शेवटी तिने भाचीचा हात धरला.  विमान उतरेपर्यंत तो सोडला नाही.

पोर्ट ब्लेअरला उतरल्यावर चौघांकडे मिळून एक कापडी पिशवी आणि दोन पर्सा होत्या. आबर्डीन बाजारात जाऊन त्यांनी कपडे घेतले. श्रीधररावांना निळ्या माडांचा शर्ट मिळाला. त्यांच्या मापाचा दुसरा नव्हता. आयुष्यभर पांढरा शर्ट घातलेला तो माणूस तीन दिवस माड मिरवत फिरला आणि दुसऱ्या दिवशी त्याने आरशात दोनदा बघितलेलंही तुंगाबाईंनी पाहिलं.

खाण्याचा प्रश्न गेस्ट हाउसच्या जेवणाच्या खोलीत आला. सगळे गोदूआत्याकडे बघत होते. केळी आणि नारळावर दोन दिवस काढता येतील, असं श्रीधरराव म्हणत होते. गोदूआत्याने मात्र वाढणाऱ्याला हात करून भात आणि वरण मागितलं. तुंगाबाईंनी दचकून विचारलं, "वन्सं, सोवळं?"

"समुद्र ओलांडला म्हणजे प्रायश्चित्त घ्यावंच लागतं," गोदूआत्या भात कालवत म्हणाली. "भीमाचार्यांना विचारून ठेवते. एकदाच काय ते दोन्हीचं मिळून घेऊ."

भीमाचार्य त्यांच्या घरचे पुरोहित. ते ऐकून श्रीधररावांना एवढा ठसका लागला की पाणी द्यावं लागलं.

रविवारी सकाळी ते कॉर्बिन्स कोव्हच्या किनाऱ्यावर गेले. दुपारचं विमान होतं, सीट दिसत होती. सोमवारी पहाटे विद्याश्रीची पाळी. गोदूआत्या घोट्यापर्यंत पाण्यात उभी होती. बाजारातून घेतलेल्या सुती साडीचा काठ ओला झाला होता आणि ती तो वर उचलत नव्हती. लाट आली की तिच्या पायांखालची वाळू सरकायची. ती थोडी डगमगायची आणि पुन्हा स्थिर व्हायची. माडाखाली बसून विद्याश्री ते बघत होती. पहाटे फाटकापाशी उभी राहणारी ही बाई. इथे तिला कुणाला निरोप द्यायचा नव्हता.  देवाचे आभार मानावेत, कंपनीचे, नागराजचे की आईचे, हे विद्याश्रीला ठरवता येईना. म्हणून तिने सगळ्यांचेच मानले.

तेवढ्यात आत्या वळली आणि पाण्यातून चालत वर आली. "विद्या," ती म्हणाली, "मला उद्याचा दिवस राहायचंय इथं."

तुंगाबाई आणि श्रीधरराव एकमेकांकडे बघत राहिले.

विद्याश्री उठली आणि रस्त्यावरच्या एसटीडी बूथकडे गेली. तिचे वरिष्ठ विनोदकुमार रविवारी ड्यूटीवर असत. चार वर्षांत तिने एकदाही आयत्या वेळी रजा मागितली नव्हती. कुणी आजारी पडलं तर तिलाच बोलावत, कारण ती नाही म्हणत नसे, आणि काही मागतही नसे. ही शिकवण घरातूनच आलेली होती, पहाटेच्या कॉफीबरोबर. फोन लागला. तिने सांगितलं की सोमवारची रजा हवी आहे.  तिच्या ओठांवर नेहमीचं वाक्य आलं होतं, जमत नसेल तर राहू द्या सर, मी येते. तिने ते गिळलं. बूथच्या काचेतून माडांच्या फटीत आत्या दिसत होती, तिच्याकडे बघत ती गप्प उभी राहिली. बूथवाला घड्याळाकडे बघत होता.

विनोदकुमारांनी पानं उलटल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले की काउंटरवरची कावेरी पाळी बदलून घेईल, काही अडचण नाही. आणि थोडं थांबून, जरा नवल वाटल्यासारखे म्हणाले, "सरी. अगोदर का नाही मागितलीस कधी?"

 थँक यू सर, ती म्हणाली, आणि पुन्हा एकदा म्हणाली.

किनाऱ्यावर परत आल्यावर श्रीधररावांनी लांबूनच हाताने विचारलं, काय झालं? राहा म्हणाले, ती म्हणाली. तुंगाबाईंनी हुश्श केलं आणि नवऱ्याला म्हणाल्या की मग तुम्हाला आणखी एक शर्ट लागेल. गोदूआत्याने मान हलवली. आनंद झाल्याचं तिने काही दाखवलं नाही. ती धक्क्याकडे बघत होती, जिथे तळाला काच लावलेल्या होड्या उभ्या होत्या. खाली प्रवाळ दिसतात म्हणून लोक त्यात बसत होते.

"उद्या आहोतच तर," ती म्हणाली, "त्या होडीत बसायचंय मला. आणि काचेच्या अगदी जवळची जागा हवी."

श्रीधरराव माडांचा शर्ट सावरत उठले आणि होडीवाल्याला शोधायला निघाले.